अंधारखोलीतला साथीदार

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आमच्या घरी भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. जळमटे निघतात, काचा पुसल्या जातात, आणि वर्षभर आपल्याकडे तोंड करून बसलेली ही मंडळी त्या एका दिवशी पालथी पडतात. पालथ्या तसबिरीच्या पुठ्ठ्यावर बहुधा एक शिक्का असतो: स्टुडिओचे नाव, गावाचे नाव, क्वचित साल. फोटो कोणाचा हे पुढून कळते, कोणी काढला हे मागून कळते. पण एका प्रश्नाचे उत्तर पुढूनही मिळत नाही आणि मागूनही मिळत नाही. तो फोटो कागदावर उतरवला कोणी?

हा प्रश्न आपल्याला सुचत नाही, याला थोडी आपली भाषाही कारण आहे. फोटो आपण ‘काढतो’ आणि रोल ‘धुवायला टाकतो’. निदान रोलचे दिवस होते तोवर टाकत होतो. ‘काढणे’ हे क्रियापद चित्राला चालते, रांगोळीला चालते. त्यात हाताचे कसब धरलेलेच आहे. ‘धुवायला टाकणे’ हे मात्र परटाकडचे. धोतर टाकले, धोतर परत आले. मधल्या वेळात गेला तो फक्त मळ. परटाने धोतराचे उपरणे करून आणले असे कधी होत नाही. तेव्हा लॅबवाल्याने रोल हरवू नये, ओरखडे पाडू नयेत आणि सांगितल्या दिवशी फोटो द्यावेत, एवढीच आपली त्याच्याकडून अपेक्षा. या अपेक्षेत कलेला जागा नाही.

छायाचित्रकलेवर लिहिणाऱ्यांनीही बहुतेक हीच परटाची कल्पना उराशी धरलेली दिसते. माझ्या मते ती चुकीची आहे. छायाचित्रकार आणि त्याची प्रिंट काढणारा यांचे नाते गिऱ्हाईक आणि परीट यांचे नसून गवई आणि साथीदार यांचे असते. आणि मैफल रंगली तर गवयाचे नाव, बिघडली तर तबलजीचे, असा जो न्याय आपण लावत आलो आहोत तो न्याय नव्हे, हे या लेखात मला सांगायचे आहे.

ज्यांनी अंधारखोली पाहिलेली नाही अशा तरुण वाचकांसाठी आधी थोडे तिच्याविषयी. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते; केस पांढरे, दात काळे. ती एन्लार्जर नावाच्या यंत्रात घालून तिच्यातून खालच्या ब्रोमाइड कागदावर काही सेकंद प्रकाश पाडतात. काळ्या-पांढऱ्या कामाचा हा कागद तांबड्या उजेडाला दाद देत नाही, म्हणून खोलीत तांबडा दिवा चालतो. जिथे जास्त प्रकाश पडेल तिथे कागद जास्त काळा होतो. कोरा दिसणारा तो कागद मग डेव्हलपरच्या तबकात बुडवला, की चित्र हळूहळू वर येते. पुढे त्याला आम्लाच्या पाण्यातून काढायचे, हायपोत पक्के करायचे आणि भरपूर पाण्यात धुवायचे. खरे धुणे काय ते एवढेच, आणि ते सर्वांत शेवटी.

त्याआधी जे घडते ते सगळे निवडीचे काम आहे. प्रकाश किती सेकंद द्यायचा? कागद कडक घ्यायचा की मऊ? चेहरा काळवंडतो आहे, तर तेवढ्यापुरता हात आडवा धरून प्रकाश अडवायचा का? आभाळ कोरे राहते आहे, तर पुठ्ठ्याला भोक पाडून तेवढ्याच भागाला आणखी पाच सेकंद द्यायचे का? एकाच निगेटिव्हवरून दहा जणांनी प्रिंट काढल्या तर दहा तऱ्हा होतात. भर दुपारची संध्याकाळ करता येते, आणि शोकाच्या प्रसंगाला लग्नाचा उजेड देता येतो. अमेरिकेचा अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आधी पियानो शिकलेला होता. निगेटिव्ह म्हणजे लिहिलेली स्वररचना आणि प्रिंट म्हणजे तिचे वादन, अशी तुलना तो करी. १९४१ साली त्याने न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ या खेड्यावर उगवलेल्या चंद्राचे चित्र घेतले आणि पुढे कित्येक वर्षे त्याच निगेटिव्हवरून तो प्रिंट काढत राहिला. वर्षे गेली तसतसे त्या चित्रातले आभाळ अधिकाधिक काळे होत गेले. निगेटिव्ह एक, माणूसही एक. तरी गाणे दर खेपेला वेगळे. मग निगेटिव्ह एकाची आणि हात दुसऱ्याचा असेल, तर त्या दुसऱ्या हाताला केवळ हमाल कसे म्हणावे?

आता अशा एका प्रसिद्ध जोडीकडे पाहू. फ्रान्सचा आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८–२००४) हा गेल्या शतकातला फार मोठा छायाचित्रकार. ३० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीच्या बिर्ला भवनात त्याने गांधीजींची भेट घेऊन त्यांचे फोटो काढले, आणि तो तिथून निघाल्यावर थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. पुढची अंत्ययात्राही त्याने टिपली. त्यामुळे त्याचे नाव ऐकले नसले तरी त्याची चित्रे आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलेली असतात.

हा माणूस पुढे अंधारखोलीत जातच नसे. तरुणपणी ते काम त्याने करून पाहिले होते, मग सोडून दिले. आपण शिकारी आहोत, स्वयंपाकी नव्हे, अशा आशयाचे तो बोलत असे. भारतात, चीनमध्ये हिंडताना त्याचे रोल परदेशी रवाना होत, आणि आपण काय टिपले हे त्याला स्वतःलाही लगेच पाहायला मिळत नसे. ही शिकार रांधणारा होता पिएर गासमान. गासमान मूळचा जर्मनीचा. नात्झी राजवट आल्यावर १९३३ मध्ये पॅरिसला आलेला, आणि स्वतः छायाचित्रकार. कार्तिए-ब्रेसाँ, रॉबर्ट कापा वगैरे मंडळींनी १९४७ मध्ये ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची सहकारी संस्था काढली. त्यांच्या प्रिंट काढता काढता गासमानने १९५० मध्ये पॅरिसमध्ये ‘पिक्टोरियल सर्व्हिस’ नावाची लॅब उभी केली. पुढे ती ‘पिक्टो’ या नावाने ओळखली गेली. युगोस्लावियातून आलेला वोया मित्रोविच याच लॅबमध्ये काम करी. कार्तिए-ब्रेसाँच्या प्रिंट त्याने सुमारे तीस वर्षे काढल्या.

कार्तिए-ब्रेसाँच्या अटी कडक होत्या. चौकट कॅमेऱ्यात ठरली, ती कापायची नाही. चित्र पूर्ण आहे याची साक्ष म्हणून प्रिंटच्या कडेला बारीक काळी रेघ ठेवायची. पॅरिसच्या सँ-लाझार स्टेशनमागे डबक्यावरून उडी मारणारा माणूस त्याने १९३२ साली टिपला, ते चित्र कापलेले आहे. कुंपणाच्या फटीतून घेतल्यामुळे त्याची एक बाजू अडली होती. पण असे अपवाद फार थोडे. दुसरी अट अशी, की काळे-पांढरे भडक करायचे नाही. मधल्या राखाडी छटा जपायच्या.

कोणी म्हणेल, कापायचे नाही आणि भडक करायचे नाही, तर मग प्रिंट काढणाऱ्याने केले काय? तो परीटच झाला की! मला उलट वाटते. त्या निगेटिव्हचा आकार अवघा २४ बाय ३६ मिलिमीटर. चित्रे घेतलेली चालता चालता, मिळेल त्या उजेडात. एखादी निगेटिव्ह पातळ, एखादी दाट. एकीत ऊन जास्त, दुसरीत सावली. या सगळ्यांना एकाच शांत सुरात आणायचे, आणि हात कुठे आडवा धरला होता हे पाहणाऱ्याला कळू द्यायचे नाही, ही साथ सर्वांत कठीण. तंबोरा सुरात आहे असे मैफलीत कोणी बोलून दाखवत नाही. उतरला की मात्र सगळ्यांच्या माना वळतात. कार्तिए-ब्रेसाँची शांत नजर म्हणून समीक्षक जिचे कौतुक करतात, तिच्यातली नजर निःसंशय त्याची आहे. त्या शांतपणात मात्र गासमान आणि मित्रोविच यांच्या हातांचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

या नात्याचे मर्म मला एका घरगुती अनुभवावरून कळले. माझ्या पहिल्या कादंबरीची मुद्रिते तपासणाऱ्या गृहस्थांनी मला पत्र पाठवले: “तिसऱ्या प्रकरणात मेलेली म्हैस अकराव्या प्रकरणात दूध देते. हे असेच ठेवायचे आहे काय?” मी लाजलो. पण त्यांनी म्हैस परस्पर जिवंत केली नाही किंवा परस्पर मारलीही नाही, मला विचारले. नुसते हुकूम पाळणाऱ्याने मुकाट्याने तसेच छापू दिले असते. शहाणपणा करणाऱ्याने प्रकरणच बदलले असते. चांगला साथीदार या दोहोंच्या मध्ये उभा असतो. तो विचारतो.

विचारणारा कोणी नसला म्हणजे काय होते, याचे उदाहरण यूजीन स्मिथ. हा अमेरिकन छायाचित्रकार आपल्या प्रिंट स्वतः काढी. एकेका प्रिंटसाठी तो रात्री घालवी. काळ्या झालेल्या भागावर रसायनाचा बोळा फिरवून हवा तेवढा उजेड परत आणी. त्याच्या प्रिंट पाहताना माझी छाती दडपते. अंधाराला इतके वजन दुसऱ्या कोणी दिलेले मला ठाऊक नाही. पण आफ्रिकेत रुग्णसेवा करणाऱ्या डॉ. आल्बर्ट श्वाइत्सर यांच्यावरील त्याची चित्रमाला १९५४ मध्ये ‘लाइफ’मध्ये आली, तिच्यातल्या एका गाजलेल्या चित्रात खालच्या कोपऱ्यात करवतीची मूठ आणि एक हात दिसतो. ते मूळ निगेटिव्हमध्ये नाहीत. दुसऱ्या निगेटिव्हवरून तिथे आणले आहेत. चित्र म्हणून रचना सुरेख झाली. पण बातमीचे चित्र म्हणून तिचा भरवसा गेला. अंधारखोलीत शेजारी दुसरा एखादा माणूस असता, तर “हा हात कुठून आला?” एवढे तरी त्याने विचारले असते. स्वतःच्या हाताने काम करणारा प्रत्येक जण असे करतो असे नव्हे. पण दुसरा माणूस हा नुसता मदतनीस नसतो, साक्षीदारही असतो, हे स्मिथने नकळत दाखवून दिले.

आता दोषाच्या वाटणीची गोष्ट. ६ जून १९४४ रोजी दोस्त सैन्य फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्यावर उतरले. ‘ओमाहा’ असे सांकेतिक नाव दिलेल्या किनाऱ्यावर सैनिकांबरोबर रॉबर्ट कापाही पाण्यात उतरला. त्याची हललेली, पुसट अशी दहा-अकरा चित्रे जगभर गाजली. इतकी थोडी का, याची हकीकत अशी सांगितली गेली, की कापाने शंभरावर चित्रे घेतली होती. पण लंडनच्या अंधारखोलीतल्या एका पोऱ्याने घाईघाईत रोल वाळवण्याच्या कपाटात टाकून दार लावले, आतल्या उष्णतेने रोलवरचा थर वितळला, आणि बाकीचे सगळे गेले. कापाने १९४७ च्या आपल्या आत्मकथनातही चित्रे अंधारखोलीत नासल्याची हकीकत दिली. कापा १९५४ मध्ये इंडोचायनात सुरुंगाच्या स्फोटात मरण पावला, पण ही गोष्ट पुढे सत्तर वर्षे पुस्तकांतून, भाषणांतून फिरत राहिली.

२०१४ पासून काही अभ्यासकांनी तिची कसून तपासणी केली. त्या कपाटाच्या उष्णतेने थर असा वितळणे शक्य नव्हते, आणि कापाने त्या किनाऱ्यावर मुळात एवढीच चित्रे घेतली असावीत, असे त्यांचे म्हणणे पडले. ज्यांच्या देखरेखीखाली लंडनमध्ये ते रोल धुतले गेले ते संपादक जॉन मॉरिस आयुष्यभर ही हकीकत सांगत आले होते; त्यांनीही अखेरीस तशी शक्यता मान्य केली. कापाच्या धैर्याला याने काही उणेपणा येत नाही. गोळ्यांच्या वर्षावात एक जरी चित्र घेतले तरी ते धैर्यच. पण तो पोऱ्या पाहा. ती दहा-अकरा चित्रेही त्याच अंधारखोलीत कोणाच्या तरी हातून नीट धुऊन निघाली असणार. त्याबद्दल सत्तर वर्षांत कोणी त्या खोलीचे आभार मानले नाहीत. जो अपराध बहुधा घडलाच नाही, त्याची आठवण मात्र साऱ्या जगाने ठेवली.

श्रेयाची ही विषम वाटणी पाहायला युरोपात जाण्याचेही कारण नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात लागला. कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडणे, रसायने कालवणे, फिल्म धुणे ही कामे दादरच्या त्यांच्या घरात होत, आणि त्यांत त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. दिवसा साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, रात्री अंधारात फिल्म. दादासाहेबांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो, आणि तो योग्यच आहे. सरस्वतीबाईंचे नाव मात्र अजून समजावून सांगावे लागते. कार्तिए-ब्रेसाँने स्वयंपाक्याची उपमा दिली ती गमतीने. आमच्याकडे ती अक्षरशः खरी होती.

इथवर मी दुसऱ्यांच्या अन्यायाविषयी लिहिले. आता माझ्याविषयी.

माझी आई २००२ साली गेली. तिचा एकटीचा एकही फोटो नव्हता. काकांच्या लग्नात, १९८८ साली, पंगतीत वाढताना कोणीतरी हाक मारली म्हणून तिने वर पाहिले, तेवढा एक क्षण गावच्या स्टुडिओवाल्याने काळ्या-पांढऱ्या रोलवर टिपलेला होता. सुदैवाने निगेटिव्ह त्याने पाकिटात जपून ठेवली होती. मी नुकताच मास्तर झालो होतो. दुसऱ्या पगारात तिच्या चेहऱ्याचा मोठा फोटो करून द्यायला सांगितला.

फोटो आला. चेहरा गोरापान, कपाळ गुळगुळीत, एखाद्या कॅलेंडरवरच्या बाईसारखे. धाकट्या बहिणीने हातात घेतला आणि विचारले, “ही कोण?”

मी तसाच उठून स्टुडिओत गेलो आणि नको ते बोललो. मालक म्हणाले, “मास्तर, लोकांना गोरंच लागतं. अशी तक्रार घेऊन आलेले तुम्ही पहिलेच.” एवढ्यात आतल्या पडद्यामागून प्रिंट काढणारा बाहेर आला. पन्नाशीचा माणूस, नखे पिवळी पडलेली, अंगाला हायपोचा वास. त्याने फोटो उजेडात धरला आणि मला विचारले, “आई कशा होत्या दिसायला?”

“सावळी,” मी म्हणालो.

“किती? तुमच्याएवढ्या?”

“माझ्याहून जरा जास्त. आणि कपाळावर गोंदण होतं. तीन ठिपके.”

“हे आधी सांगायला पाहिजे होतं,” तो म्हणाला. “मला काय माहीत? ते मी डाग समजून झाकले.” आणि मला घेऊन तो आत गेला.

तांबड्या दिव्याखाली त्याने कागद मांडला आणि तोंडाने आकडे मोजत प्रकाश दिला. मागच्या खेपेला चेहऱ्यावर बराच वेळ धरलेला हात या वेळी त्याने लवकर काढून घेतला. तबकातले पाणी हलवत आम्ही दोघे वाकून उभे राहिलो. आधी केस आले, मग लुगड्याचा काठ, मग डोळे. मग गाल भरत गेले, आणि अगदी शेवटी कपाळावर तीन ठिपके उमटले. तो हळूच म्हणाला, “आल्या बघा.”

तोच फोटो आज भिंतीवर आहे. तो पाहून कोणी विचारले नाही, ही कोण म्हणून.

विचार करता मला दिसते, की पहिल्या प्रिंटचा दोष त्या माणसाचा एकट्याचा नव्हता. मी निगेटिव्ह ‘धुवायला’ टाकली होती. आई कशी होती हे सांगितले नव्हते. त्यानेही विचारले नव्हते. दोघे बोललो नाही तोवर चूक झाली, दोघे बोललो तेव्हा आई आली. कार्तिए-ब्रेसाँ आणि गासमान यांच्या थोर नात्याचे मर्म याहून निराळे असेल असे मला वाटत नाही.

तो स्टुडिओ पुढे बंद पडला. आता रोलही नाहीत आणि तबकेही नाहीत. कॅमेरा आणि लॅब दोन्ही एकाच फोनमध्ये बसली आहेत. या लॅबमध्येही कोणीतरी बसवून ठेवलेले नियम काम करतात. कुणाच्या गालावरचा तीळ पुसतात, सावळ्या मुलीला एका क्षणात उजळ करतात. फरक इतकाच, की आई कशा होत्या, हे तिथे कोणी विचारत नाही. तेव्हा या दिवाळीत सगळी एकत्र जमाल, फोटो काढाल, त्यातला एखादा कागदावर घ्यावासा वाटेल, तर प्रिंट काढणाऱ्या माणसाशी दोन शब्द बोला. आजी सावळी आहे, तिला सावळीच राहू दे, एवढे तरी सांगा. आणि फोटोच्या मागे काढणाऱ्याच्या नावाखाली त्याचेही नाव लिहा.

हे मी अधिकाराने सांगत नाही. परवा तसबीर पुसताना मी ती उलटी केली. मागे स्टुडिओचा शिक्का आहे, मालकांचे नाव आहे, साल आहे. ज्याने आईचे गोंदण परत आणले त्याचे नाव नाही. तेव्हा मी ते विचारले नव्हते.